परदेशप्रवासात कयाकिंगची सोय कशी शोधावी?

ऐरोलीकर
नमस्कार. गेली दोन वर्षे मी आणि माझी पत्नी कोलाडला कुंडलिका नदीवर जाऊन कयाक चालवायला शिकत आहोत. या डिसेंबरात आम्ही थायलंडमधील क्राबीला जाणार आहोत आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वीडनचा विचार आहे. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात हॉटेलसमोर अर्धा तास वल्हे मारण्यापलीकडे काही नसते. आपल्या कुवतीला साजेसे पाणी, भाड्याची कयाक आणि भरवशाचा वाटाड्या कसा शोधावा?

खाडीकाठ, ठाणे
डिसेंबर उत्तम, कारण त्या किनाऱ्यावरचा पावसाळा तोवर सरलेला असतो. क्राबीजवळच्या आओ थालेनच्या खाडीत चुनखडीचे कडे आणि खारफुटी यांमधून शांत पाण्यात जाता येते. पहिला दिवस तिथेच घालवावा. फांगङाच्या उपसागरात बेटांच्या पोटात आकाशाकडे उघडी असलेली दालने आहेत, त्यांना तिकडे ‘होंग’ म्हणतात. त्यांची वाट बहुधा बुटक्या गुहेतून जाते. भरती चढली की गुहेचे छत पाण्याला टेकते, आणि पाणी फार उतरले की कयाक तळाला लागते. म्हणून कयाक भाड्याने देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: अमुक तारखेला किती वाजता निघणार आणि का? रोज सकाळी नऊची ठरलेली वेळ सांगणाऱ्यापेक्षा भरती पाहून वेळ बदलणाऱ्यावर मी विश्वास ठेवीन. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळपणे कळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. परंतु हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे, तिकडे त्या बंदराचेच भरतीचे कोष्टक पाहावे.

वाशीची वल्ही
स्वीडनबद्दल लिहिते. स्टॉकहोमसमोर सुमारे 30,000 लहानमोठी बेटे आहेत, आणि ‘अलेमान्सरेत्तेन’ या सार्वजनिक हक्कामुळे घरांपासून दूर, एखादी रात्र तंबू ठोकून राहता येते. पक्ष्यांसाठी राखलेल्या बेटांवर मात्र विणीच्या काळात उतरता येत नाही. बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. तिथे जपायचे ते वाऱ्याला आणि थंड पाण्याला. जूनमध्ये ऊन असले तरी पाणी अंग गारठवणारे असते, त्यामुळे कपडे हवेच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडावेत. तिकडे बहुधा कंबरेभोवती स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून बसायच्या तोंडावर ताणून बसवलेले कापडी झाकण) बांधायची बंद कयाक मिळते, आणि ती उलटली तर स्कर्ट ओढून बाहेर पडण्याची सवय हाताला नसेल तर मी तुम्हाला वाटाड्याशिवाय जाऊ देणार नाही. स्थानिक कयाक क्लबांना आपला अनुभव खरा खरा लिहून कळवा. कोणत्या बेटांच्या आडोशाने जावे, हे ते जाहिरातींपेक्षा चांगले सांगतात. प्रवास विम्यात कयाकिंग समाविष्ट आहे का, हेही पॉलिसीत वाचून घ्या.

ऐरोलीकर
दोघांचेही मनापासून आभार. आम्ही उघड्या कयाकवरच शिकलो आहोत, त्यामुळे येत्या रविवारी कोलाडला बंद कयाक मागून केवळ उलटून बाहेर पडण्याचा सराव करू. आओ थालेनला कयाक भाड्याने देणाऱ्या दोघांना भरतीच्या वेळेबद्दल आजच विचारले आहे.