मदत हवी आहे: एकटीपुरता व्हाइट सॉस पास्ता, सॉसची दर वेळी खळ होते

नमस्कार मंडळी,

गेल्या जूनपासून घरात मी एकटीच आहे. पंचवीस वर्षं चौघांचा स्वयंपाक केला, हात अजून त्याच मापाने चालतो. वरण-भात उरला तर रात्री फोडणी देऊन संपवता येतो. पण भाज्या घातलेला व्हाइट सॉस पास्ता मला फार आवडतो आणि तो उरवून चालत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा नुसता गोळा होतो. म्हणून एका ताटलीपुरताच करायला शिकायचंय.

चौघांच्या कृतीचा चौथा हिस्सा घेते: एक मोठा चमचा लोणी, तेवढाच मैदा, एक कप दूध. लोणी-मैदा परतून फ्रिजमधलं दूध एकदम ओतते. लगेच गुठळ्या होतात. त्या मोडत बसते तोवर सॉस पतंगाला लावायच्या खळीसारखा चिकट झालेला असतो. पास्ता 80 ग्रॅम घेते, उकडून गार पाण्याखाली धुते. गाजर, फरसबी, मटार, ढबू मिरची वेगळी परतते. एका माणसासाठी तीन भांडी घासायला पडतात आणि चव पिठूळच.

क्रीमचा डबाही फोडवत नाही, दोन चमचे लागतात आणि बाकीचं वाया जातं. माझं नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
ताई, माप बरोबर आहे. पण मोठ्या कढईत, मोठ्या आचेवर कपभर दूध बघता बघता आटतं. लहान पॅन घ्या, आच मंद ठेवा. आणि एवढ्याशा मैद्याचा वेगळा सॉस करूच नका. लोण्यात ढबू मिरची परता, तिच्यावरच मैदा भुरभुरवा आणि मिनिटभर हलवा. पीठ फोडींना लागून पसरतं, एका जागी गोळा होत नाही. मग गॅस बंद करून दूध थोडं थोडं घाला, प्रत्येक वेळी ढवळा, आणि पुन्हा मंद आचेवर ठेवा.

पास्ता अजिबात धुऊ नका. त्याच्या अंगावरचा स्टार्च धुतला गेला की सॉस त्याला धरत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा, पुढचं शिजणं सॉसमध्ये होईल. गाजर, फरसबी, मटार शेवटची चार मिनिटं त्याच पाण्यात सोडा, एक भांडं वाचेल. निथळण्याआधी वाटीभर पाणी मात्र काढून ठेवा. सॉस ताटलीत गेल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून त्या पाण्याने कढीइतका पातळ करूनच उतरवा.

क्रीमशिवाय छान होतो, चीजचा एक क्यूब किसून घाला. डबा फोडलाच तर उरलेलं क्रीम बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. नंतर ते रवाळ दिसतं, पण गरम सॉसमध्ये किंवा भाजीच्या रश्शात चालून जातं. आणि चिमूटभर जायफळ नक्की किसा. इटलीतही या सॉसमध्ये, म्हणजे बेशामेलामध्ये, जायफळ घालतात.

धागाकर्ती:
काल रात्री केला. मैदा ढबू मिरचीवर भुरभुरवला, एकही गुठळी नाही! काढून ठेवलेलं पाणी अर्धी वाटी लागलं. चमचा उचलला तेव्हा सॉस पेने पास्त्याच्या नळीतून खाली ओघळत होता. जायफळाने पुरणपोळीची आठवण झाली, पुढच्या वेळी थोडं कमी किसेन. आता एकच विचारते: मैद्याऐवजी कणीक घेतली तर माप तेच ठेवू का?