वाचन कट्टा : पुढचं पुस्तक कोणतं?

सुलभाताई (बी-302): नमस्कार मंडळी. रविवारी कट्ट्याची बैठक आहे आणि पुढचं पुस्तक अजून ठरलेलं नाही. मागच्या वेळी पोहे झाले, लिफ्टवर बोलणं झालं, पुस्तकाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ई-रीडर गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून घेतलाय, सगळ्यांचे पैसे आहेत त्यात, आणि सध्या तो कुणाच्या घरी आहे हेही मला माहीत नाही. आज ठरवूनच टाकू. ऐतिहासिक किंवा विज्ञानकथा, एवढं आधीच ठरलंय, त्यावर परत वाद नको.

शिंदे काका (ए-101): 250 पानांच्या आतलं घ्या.

मंजिरी (सी-201): ताई रीडर माझ्याकडे आहे, सासूबाई वाचतायत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना छापील पुस्तकाची अक्षरं लागतच नाहीत, रीडरवर अक्षर मोठं करता येतं म्हणून जरा जास्त दिवस राहिला

प्रकाश (बी-501): जरा जास्त म्हणजे बराच जास्त 😀 आमचा नंबर कधी?

मंजिरी (सी-201): मागून घ्यायचा ना मग. जिन्यात रोज भेटता.

सुलभाताई (बी-302): मंजिरी, सासूबाईंना वाचू दे, त्यांच्यासाठीच तर घेतला. फक्त वहीत नोंद करत जा. आता नावं सुचवा.

अश्विनी (सी-403): पानिपत! विश्वास पाटलांचं. कधीपासून राहिलंय.

शिंदे काका (ए-101): ते केवढं जाड आहे. 250 पानांच्या आतलं घ्या म्हटलं ना.

रोहन (ए-402): काका रीडरवर जाड बारीक नसतं, वजन तेवढंच राहतं

शिंदे काका (ए-101): डोळे माझे तेवढेच राहत नाहीत. मागचं राऊ अर्धंच झालं माझं.

वैद्य काका (बी-104): राऊचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एका पानावर कुणीतरी ओळ रंगवून खाली टीप टाकली आहे, "हे साफ खोटं आहे". पुढचं पान उघडलं तर परत तेच. ज्याने कुणी लिहिलं त्याने पुढच्या माणसाचा विचार करावा. यंत्र सामायिक आहे, टिपा सगळ्यांना दिसतात.

मंजिरी (सी-201): आमच्या घरून नाही हं

प्रकाश (बी-501): मी लिहिली. काय चुकलं? बाजीरावांना कादंबरीत नुसतं प्रेमात दाखवायचं आणि पालखेडला निजामाला कसं कोंडीत पकडलं ते चार ओळींत. 1728 सालची लढाई आहे ती, आजही अभ्यासतात.

वैद्य काका (बी-104): मग लेखात लिहा, बैठकीत बोला. ना. सं. इनामदारांनी कादंबरी लिहिली आहे, लढाईचा अहवाल नाही. कागद जिथे गप्प होतात तिथून कादंबरीकाराचं काम सुरू होतं. असो. टिपा पुसल्या आहेत मी.

प्रकाश (बी-501): पुसल्या??? विचारायचं तरी!

चेअरमन (ए-301): सर्वांनी शांतता राखावी 🙏

रोहन (ए-402): इनामदारांचंच शहेनशहा घेऊया का? औरंगजेबावर आहे

प्रकाश (बी-501): अजिबात नाही. ज्याने संभाजीराजांचे हाल हाल केले त्याच्यावर माझ्या वर्गणीतून पुस्तक?

अश्विनी (सी-403): प्रकाशदादा, पंचवीसहून जास्त वर्षं दख्खनमध्ये राहून, शेवटी 1707 ला इथेच नगरला मेला तो, आग्रा-दिल्ली परत बघायलाही मिळाली नाही. मराठ्यांनी त्याला कसं झिजवलं ते त्याच्या बाजूने वाचलं तर आपलीच माणसं किती मोठी होती ते कळतं.

प्रकाश (बी-501): तू वाच. कट्ट्याला नको.

चेअरमन (ए-301): ग्रुपवर राजकीय चर्चा नको. आणि बी विंगखाली कुणाची तरी ॲक्टिव्हा परत रॅम्पवर लावली आहे, काढून घ्यावी.

शिंदे काका (ए-101): 250 पानांच्या आतलं. तिसऱ्यांदा सांगतोय.

प्रकाश (बी-501): हे घ्या, भांडण मिटवतो. एका चॅनेलवर पानिपतची फुल पीडीएफ मिळाली. फुकट. 📎

सुलभाताई (बी-302): प्रकाश, ती काढून टाक. लगेच. लेखक हयात आहे, प्रकाशक आहे, आणि आपण पन्नास-साठ घरं मिळून एक पुस्तक विकत घेऊ शकत नाही? लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात आपल्याकडे. फुकटच हवं असेल तर ह. ना. आपटे वाचा, ते 1919 ला गेले, उषःकाल कधीच सगळ्यांसाठी मोकळं झालंय. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरही कितीतरी पुस्तकं रीतसर फुकट आहेत. चोरीची पीडीएफ सोसायटीच्या यंत्रात मी घालू देणार नाही.

प्रकाश (बी-501): काढली बाई. एवढं चिडू नका.

वैद्य काका (बी-104): आणि तशीही ती चालली नसती. पान स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. सहा इंची पडद्यावर अख्खं पान मावतं पण अक्षर मुंगीएवढं, आणि मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते, मग प्रत्येक ओळीला डावीकडे-उजवीकडे सरकवत बसा. मंजिरीताईंच्या सासूबाईंना ते जमणारच नाही. खऱ्या ई-बुकात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. म्हणून आधी नमुना उतरवून बघायचा, जोडाक्षरं नीट दिसतात का, वेलांट्या सुटत नाहीत ना. नमुना फुकट असतो. मगच पैसे भरायचे.

मंजिरी (सी-201): हे बरोबर. मागे एक पुस्तक होतं त्यात "क्ष" च्या जागी चौकोन यायचा, सासूबाई लक्ष्मीला चौकोन म्हणून वाचायच्या 😂

रोहन (ए-402): विज्ञानकथा कुणी बोलतच नाहीये. नारळीकर घ्या ना

सुलभाताई (बी-302): तेच मी वाट बघत होते कुणी म्हणतंय का. आडगावला 2021 चं साहित्य संमेलन झालं, आपल्यातले कितीतरी जण गेले होते, अध्यक्ष नारळीकर होते, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. आता तर ते नाहीतच, 2025 च्या मे महिन्यात गेले. विज्ञानकथा लिहिणारा माणूस अध्यक्ष झाला तो आपल्या नाशिकच्या संमेलनात, आणि आपल्या कट्ट्यावर त्यांचं एकही पुस्तक वाचलं गेलं नाही, मला हे फार लागतं.

वैद्य काका (बी-104): वामन परत न आला घ्या. खोल खणताना एक प्राचीन पेटी सापडते, त्यावरून यंत्रमानव तयार होतो. यंत्रं माणसापेक्षा शहाणी झाली तर काय, हा आजचा विषय त्यांनी केव्हाच लिहून ठेवलाय.

शिंदे काका (ए-101): पानं किती?

वैद्य काका (बी-104): फार नाहीत शिंदे.

प्रकाश (बी-501): रोबोट-बिबोट नको, ऐतिहासिकच पाहिजे

रोहन (ए-402): दोन्ही एकात आहे की, गंगाधरपंतांचे पानिपत. आम्हाला अकरावीला इंग्रजीत धडा होता. इतिहासाचे प्राध्यापक असतात, अपघात होतो आणि ते अशा जगात पोचतात जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय! मुंबईला जाणारी गाडी जिजामाता एक्स्प्रेस, आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी बसलीये. मग ते लायब्ररीत जाऊन शोधतात की नक्की कुठे फाटा फुटला, तर विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे

अश्विनी (सी-403): रोहन!!! पुढे सांगू नकोस!

रोहन (ए-402): सॉरी

प्रकाश (बी-501): गोळी काय?? सांग की

अश्विनी (सी-403): वाचा आता 😀

सुलभाताई (बी-302): प्रकाश, बघ, तूच विचारलंस पुढे काय. मला त्या कथेत सगळ्यात आवडतं ते असं की एवढा मोठा "जर-तर" रचूनही नारळीकर हवेत सोडत नाहीत. बखरीचं एक फाटलेलं पान येतं, त्यावर सगळं उभं राहतं, आणि मग असं का होऊ शकतं याची शास्त्राने बांधणी करतात. आपण जेवताना सहज म्हणतो ना, पानिपतला असं झालं नसतं तर... तेच, पण काटेकोर.

वैद्य काका (बी-104): पण ती कथा आहे. महिनाभर पुरणार नाही. आणि खरं काय घडलं ते डोक्यात ताजं नसेल तर त्या कथेची अर्धी मजा जाते.

सुलभाताई (बी-302): म्हणूनच माझं म्हणणं ऐका. आधी रणजित देसाईंचं स्वामी. ते पानिपत नंतरचं आहे. 14 जानेवारी 1761 ला एवढा संहार झाला, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर सगळं आलं, कर्ज, निजाम, घरातच राघोबादादा. हरल्यावर घर कसं सावरतात ते स्वामीमध्ये, आणि जिंकलो असतो तर ते नारळीकरांत. एकापाठोपाठ एक वाचलं तर दोन्ही दुप्पट कळतात. आणि हे आपल्या अंगणातलं आहे हो! आपण बसने रोज आनंदवल्लीवरून जातो, ती राघोबादादांची आनंदवल्ली. माधवरावांच्या आई गोपिकाबाई पुढे गंगापूरला येऊन राहिल्या. मुलं गेलेली, आणि ही बाई इथे गोदाकाठी. स्वामीतल्या गोपिकाबाई वाचताना मला नेहमी वाटतं की ही माझ्या रस्त्यावरची बाई आहे.

अश्विनी (सी-403): बाई अंगावर काटा आला. मी हो.

रोहन (ए-402): धोडप किल्ल्यावर आम्ही ट्रेकला गेलो होतो, 1768 ला काका-पुतण्याची लढाई तिथेच झाली ना? राघोबा शरण आले ते

वैद्य काका (बी-104): हो. तिथून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. तू फोटो काढले असशील ते रविवारी आण.

प्रकाश (बी-501): स्वामी चालेल. आईने दोनदा वाचलंय. पण मला रीडर आधी.

मंजिरी (सी-201): स्वामी सासूबाईंच्या लग्नाआधीचं आहे म्हणे, 1962 चं, त्या आत्ताच नाव ऐकून खूश झाल्या. रीडर शनिवारी सोडते पण पुस्तक आलं की त्यांनाच आधी द्या ना प्लीज

प्रकाश (बी-501): बघा सुरू झालं

शिंदे काका (ए-101): स्वामी 250 पानांच्या आत आहे का?

सुलभाताई (बी-302): नाही शिंदे साहेब. पण तुमच्यासाठी वेगळं सांगते. रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी साडेपाचला क्लब हाउसमध्ये मी मोठ्याने वाचेन. तुम्ही डोळे मिटून ऐका. आणि नारळीकरांचा कथासंग्रह मी सार्वजनिक वाचनालयातून कागदी आणते. 1840 पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे, रीडर आला म्हणून तिकडचा रस्ता कुणी विसरू नये.

शिंदे काका (ए-101): मोठ्याने वाचणार असाल तर माझी हरकत नाही. पण एका बैठकीत पंचवीस पानांच्या वर नको.

चेअरमन (ए-301): ठराव मंजूर समजावा. रक्कम सांस्कृतिक खात्यातून द्यावी, पावती ठेवावी. ॲक्टिव्हा अजून रॅम्पवरच आहे.

वैद्य काका (बी-104): नमुना उतरवला आणि तपासला. जोडाक्षरं नीट आहेत, "क्ष" दिसतोय.

अश्विनी (सी-403): मग मी खरेदी करते. वहीत क्रम लिहून टाका कुणीतरी, आधी सासूबाई मग प्रकाशदादा, आणि प्रकाशदादा टिपा वेगळ्या कागदावर.

प्रकाश (बी-501): बरं. पण धोडपबद्दल काही चुकीचं लिहिलं असेल तर मी बुधवारी बोलणार.

सुलभाताई (बी-302): जरूर बोल. पुरावा घेऊन ये.