घरगुती चित्रणे जपून ठेवणे आणि फक्त कुटुंबातच दाखवणे: मार्गदर्शन हवे आहे

खानदेशकन्या (जळगाव):

नमस्कार. वडिलांनी २००१ ते २००९ या काळात हँडीकॅमने केलेल्या चित्रणाच्या वीसेक मिनीडीव्ही कॅसेट, माझ्या लग्नाची एक व्हीएचएस कॅसेट, भावाच्या लग्नाच्या चार डीव्हीडी आणि पुढे घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठत गेलेले व्हिडिओ असा ऐवज सध्या माझ्या ताब्यात आहे. त्यात श्रावणातील कानबाई या खानदेशातल्या देवीचा उत्सव आहे, अंगणातल्या कडुनिंबाच्या झोक्यावरची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी आहेत आणि आता हयात नसलेल्या आजीने जात्यावर म्हटलेल्या अहिराणी ओव्याही आहेत. भाऊ पुण्यात, बहीण सुरतेत आणि चुलतभाऊ कॅनडात असल्यामुळे हे सर्वांना घरबसल्या पाहता यावे, अशी वडिलांची इच्छा आहे. मात्र अंगणात गाणाऱ्या बायका उद्या कोणाच्या तरी स्टेटसवर किंवा रीलमध्ये दिसाव्यात, हे त्यांना अजिबात मान्य नाही.

भाऊ म्हणतो, सगळे यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ करून टाक. बहिणीच्या मते गूगल फोटोजचा सामायिक अल्बम पुरेसा आहे. एकदा ऑनलाइन चढवले की कॅसेट आणि डीव्हीडी अडगळीत गेल्या तरी चालतील, यावर मात्र दोघांचे एकमत आहे आणि तेच मला खटकते. आमच्या ब्रॉडबँडचा अपलोड वेग २० एमबीपीएसच्या आसपास आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

भुसावळकर:

ताई, तुमची शंका रास्त आहे. मूळ चित्रण जपणे हे एक काम आणि नातलगांना ते दाखवणे हे दुसरे. दाखवण्यासाठी असलेल्या सेवेवर जपण्याची भिस्त ठेवू नये. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ आपल्या पद्धतीने पुन्हा आवळून साठवते, त्यामुळे तुम्ही चढवलेली मूळ फाइल तिथून जशीच्या तशी परत मिळेलच याची खात्री नसते. गूगल फोटोजमध्येही ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेले असल्यास दर्जा कमी होतो. शिवाय बॅकअप चालू असलेल्या मोबाइलमधील ॲपमधून कोणी एखादा व्हिडिओ काढून टाकला, तर तो त्या खात्यातूनही जातो आणि कचरापेटीत ६० दिवस राहून कायमचा नाहीसा होतो. म्हणजे तुम्ही ज्याला बॅकअप समजता, ती प्रत्यक्षात एकाच प्रतीची दोन दारे असतात.

सुरुवात मिनीडीव्हीपासून करावी, कारण फिती अजून धड असल्या तरी त्या चालवणारे हँडीकॅम दुर्मिळ होत चालले आहेत. प्रत्येक कॅसेटच्या कडेला एक छोटी सरकणारी खिट्टी असते. ती ‘सेव्ह’च्या बाजूला सरकवूनच कॅसेट कॅमेऱ्यात घालावी, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी जुन्यावर नवे चित्रण होणार नाही. बहुतेक हँडीकॅमच्या यूएसबीमधून पूर्ण दर्जाचे चित्रण बाहेर येत नाही, त्यासाठी फायरवायरची केबल आणि संगणकात तसे कार्ड लागते. या मार्गाने एका तासाच्या फितीची साधारण १३ जीबीची फाइल तयार होते आणि फितीवर अंकांच्या रूपात जे आहे तेच त्यात उतरते. चित्रण कोणत्या तारखेला, किती वाजता झाले ही नोंदही त्या डीव्ही फाइलमध्ये टिकते; लहान एमपी४ फाइल करताना ती बहुधा गळून जाते. कानबाई नेमक्या कोणत्या वर्षीची, हा वाद घरात व्हायचा नसेल तर मूळ फाइल टाकू नका.

व्हीएचएसच्या बाबतीत घाई नको. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहा. पांढरट, पिठासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी असते आणि अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की फीत वाचणारे हेड खराब होतेच, पण पुढे लावलेल्या कॅसेटलाही लागण होते. आधी साफसफाई, मग संगणकात उतरवणे. नवे व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चांगल्या स्थितीतला व्हीसीआर कोणाकडे मिळाला तर हे काम लांबणीवर टाकू नये.

डीव्हीडीचे काम सोपे आहे: आतला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्यावा, दर्जात काहीही फरक पडत नाही. घरी किंवा दुकानात ‘बर्न’ केलेल्या डीव्हीडीतील रंगाचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो हे मी जळगावकरांना सांगायला नको. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर कॅसेट, डीव्हीडी किंवा हार्डडिस्क यांपैकी काहीही ठेवू नका.

वीस कॅसेटचे मिळून सुमारे २६० जीबी होतील. एक टीबीच्या दोन हार्डडिस्क घ्या आणि त्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, कारण जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. एक डिस्क तुमच्या कपाटात राहू द्या आणि दुसरी सुरतेला किंवा पुण्याला पाठवा; दोन्ही एकाच घरात असतील तर चोरी, आग किंवा पुरात त्या एकदमच जातील. दिवाळीला भावंडे एकत्र येतात तेव्हा दोन्ही डिस्क संगणकाला लावून फाइली उघडतात का, हे तपासावे.

तापीकाठ (चोपडा, सध्या पुणे):

दाखवण्याच्या बाजूबद्दल लिहिते. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी नव्हे. असा व्हिडिओ शोधात येत नाही इतकेच. दुवा ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो. ‘प्रायव्हेट’मध्ये तुम्ही ज्यांचे ईमेल पत्ते दिले असतील त्यांनाच, तेही त्यांच्या गूगल खात्यातून प्रवेश केल्यावर व्हिडिओ दिसतो. गूगल फोटोजच्या अल्बमलाही हेच लागू आहे. दुव्याने वाटण्याची सोय बंद करून माणसांना त्यांच्या खात्यावरून जोडावे आणि अल्बममध्ये स्थान दाखवण्याचा पर्यायही बंद ठेवावा.

पाहण्यासाठीच्या प्रती लहान कराव्यात. एका तासाचे चित्रण एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीत अंदाजे दोन ते सव्वादोन जीबीत छान बसते, म्हणजे वीस कॅसेटचे सुमारे ४५ जीबी झाले. गूगलची मोफत १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून असते, म्हणून १०० जीबीची सशुल्क योजना घ्यावी लागेल. तुमच्या वेगाने ४५ जीबी चढायला पाच तास पुरतात. मूळ २६० जीबी चढवायचे म्हटले तर एकोणतीस तास लागतील. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवू नका, तिथे चित्राचा पार चुराडा होतो. एखादा तुकडा पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. २ जीबीपर्यंतची फाइल मूळ दर्जात जाते.

मात्र कोणतीही सेटिंग पाहणाऱ्याचा हात धरू शकत नाही, कारण अल्बममध्ये असलेला माणूस व्हिडिओ उतरवून घेऊ शकतो. त्यामुळे गाणाऱ्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्यांना आधी विचारावे आणि एखादीने नको म्हटले तर तेवढा भाग पाहण्याच्या प्रतीतून कापावा. लहान मुलांच्या आंघोळीचे व्हिडिओ तर कुठेच चढवू नयेत: मोठ्या कंपन्या अशी चित्रे यंत्राकडून तपासून घेतात आणि निव्वळ घरगुती चित्रावरून खाते बंद होऊ शकते.

शिरपूरकर:

घरी छोटा सर्व्हर ठेवून त्यावर इमिच किंवा जेलीफिन (स्वतःच्या संगणकावरून फोटो-व्हिडिओ दाखवणारी सॉफ्टवेअर) चालवणे हाही एक मार्ग आहे. माझ्याकडे तो चालतो, पण वीज गेली की सुरतेच्या बहिणीचा फोन येतो. ज्या घरात हे यंत्र सांभाळायला हौशी माणूस नाही, त्या घराला मी हा सल्ला देणार नाही. डिस्कला पासवर्ड लावून ती कूटबद्ध करावी का, असे विचाराल तर माझे मत नाही असे आहे. घरगुती चित्रणाला चोरापेक्षा विसरलेल्या पासवर्डचा धोका जास्त असतो.

खानदेशकन्या:

सर्वांची आभारी आहे. अल्बम वडिलांच्या खात्यावर ठेवला तर चालेल का? ते ७८ वर्षांचे आहेत आणि मोबाइल फारसा वापरत नाहीत.

भुसावळकर:

खाते तुमचे असू द्या. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून बंद करू शकते आणि त्यासोबत आतला मजकूरही जातो. तुमच्या खात्यातही ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये भावाचे आणि बहिणीचे नाव घालून ठेवा, ठरवलेल्या काळात खाते वापरले गेले नाही तर त्यांना कळवले जाते आणि तुम्ही निवडलेली माहिती उतरवून घेता येते.

वडिलांकडून मात्र दुसरे काम करून घ्या. प्रत्येक फीत त्यांना दाखवून झोक्यावर कोण आहे, ओवी कोण म्हणत आहे, कानबाईच्या प्रसादाचे रोट कोणाच्या घरचे आहेत हे विचारून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून घ्या आणि ती फाइल त्याच फोल्डरमध्ये दोन्ही डिस्कवर ठेवा. अल्बमच्या खाली लिहिलेली नावे आपोआप डिस्कवर येत नाहीत.