'द हेटफुल एट': खोलीतला ७० एमएम

क्वेंटिन टॅरेंटिनोच्या या सिनेमावर "सगळा सिनेमा एका खोलीत, मग ७० एमएमची (म्हणजे नेहमीपेक्षा रुंद फिल्मची) चैन कशाला?" असा आक्षेप घेतला जातो, तो पटत नाही. उलट खोलीतच ती वसूल होते. २.७६:१ एवढी, म्हणजे उंचीच्या पावणेतीन पट रुंद फ्रेम असली की पुढे दोघं बोलत असताना मागे कोण काय करतंय तेही दिसत राहतं, आणि संशय कोणावर घ्यायचा हे टॅरेंटिनो आपल्यावर सोडतो.

चित्रीकरणाबद्दल थोडं: बाहेरचा बर्फ कोलोरॅडोतला, पण आतली बरीच दृश्यं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, सेट मुद्दाम गारठवून घेतली. पात्रांच्या तोंडातली वाफ खरी आहे. गिटारचा किस्सा मात्र वाईट. मार्टिन कंपनीच्या संग्रहालयातून आणलेली १८७० च्या दशकातली गिटार एका दृश्यात अभिनेता कर्ट रसेलने नकली समजून आपटून फोडली. त्या क्षणी समोरची अभिनेत्री जेनिफर जेसन ली जी दचकते, तो अभिनय नाही!