[सर्व-सभासद] दिवाळी नोंदणी: सवलतीच्या रकान्याचं गुरुवारच्या आत ठरवा

प्रेषक: वैशाली
मंगळवार, 7 ऑक्टोबर 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

दिवाळीची लिंक शुक्रवारी सकाळी जायची आहे आणि फॉर्म अजून माझ्याकडेच अडकलाय. कारण एकच, तो 'सवलतीचं कारण' नावाचा रकाना. शनिवारी कोजागिरीला दारावर काय झालं ते निम्म्यांनी ऐकलंय, उरलेल्यांना एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच. 1 नोव्हेंबरला तेच परत नको.

यादी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला कृपया कुणी बोलू नका. शाळकरी पोरगा आहे. सवलतवाल्यांची नावं पिवळ्या मार्करने रंगवलेली यादी त्याच्या हातात आपणच दिली. मागे रांग होती, त्याने मोठ्याने विचारलं, "हे दहा डॉलरवाले ना?" पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ते कुटुंब दूध न घेता परत गेलं.

माझं मत: रकाना काढा. ज्याला कमी भरायचं त्याने कमी भरावं, कारण विचारू नये. हो की नाही, एवढंच कळवा.

वैशाली (नोंदणी)

---

प्रेषक: मिलिंद
मंगळवार, 7 ऑक्टोबर, रात्री 10:25

हो की नाही इतकं सोपं असतं तर कमिटी कशाला हवी होती?

रकान्यात चार पर्याय आहेत: विद्यार्थी, ज्येष्ठ, भारतातून आलेले आई-वडील, नोकरीच्या शोधात. पहिल्या तिघांबद्दल कुणाची हरकत नाही. चौथ्यासाठी सगळा रकाना उडवायचा? 35 चं तिकीट 10 ला गेलं की 25 डॉलर मंडळ भरतं. किती गेले आणि का गेले, ते वर्षअखेरीला मलाच सांगावं लागतं. शाळेचा हॉल, साउंडवाला आणि केटरर यांच्यापैकी कुणीही 'जमेल तेवढं' घेत नाही.

आणि पिवळा मार्कर मी मारलेला नाही. माझ्या शीटमध्ये रंग नसतो.

सवलतीच्या कोडची पद्धत 2020 पासून आहे. पाच वर्षांत तक्रार आली नाही.

मिलिंद
खजिनदार

---

प्रेषक: सुजाता
मंगळवार, 7 ऑक्टोबर, रात्री 10:31

मिलिंद, 2020 ला सगळे कार्यक्रम झूमवर होते. सवलत कशावर देत होतास, लिंकवर?

मला कारणं नकोत, आकडा हवा. 25 तारखेपर्यंत मोठे किती आणि लहान किती. चकली घरचीच करायची ठरली आहे, त्यामुळे भाजणी आत्ताच मोजायला हवी.

दुसरं. कोजागिरीचं मोठं पातेलं कुणाकडे आहे? ते मंडळाचं नाही, माझ्या सासूबाईंचं आहे.

सुजाता

---

प्रेषक: अरविंदकाका
बुधवार, 8 ऑक्टोबर, सकाळी 6:12

चिरंजीवांनो,

तुमचं भांडण वाचलं. आमच्या वेळी सवलत नव्हती कारण तिकीटच नव्हतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. असो.

2001 साली माझी नोकरी गेली तेव्हा मी रविवारी पहाटे जाऊन स्टार-लेजर पेपर आणायचो. अंक एवढा जाड की पोराने त्यावर बसून जेवावं. नोकऱ्यांची पानं वेगळी काढायची, लाल पेनने गोल करायचे, आणि सोमवारी औषधांच्या दुकानातून फॅक्स, पानाला एक डॉलर. रेझ्युमे दोन पानी होता तो त्या खर्चापायी एक पानी केला. त्यानंतरच फोन यायला लागले हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. आता तो पेपरसुद्धा या फेब्रुवारीपासून छापायचा बंद झाला.

तेव्हा एच-वनवाल्यांना, म्हणजे कंपनीच्या व्हिसावर काम करणाऱ्यांना, नोकरी गेल्यावर इथे थांबायला मिळतात ते साठ दिवसही नव्हते. नोकरी गेली की त्याच दिवशी इथे राहायचं स्टेटस गेलं, असाच हिशेब. आता निदान लेऑफची मीटिंग झाली त्या दिवसापासून साठ दिवस मिळतात. तेव्हा मुलांनी हिंमत सोडू नये. लाजायचं कशाला, नोकरी गेली म्हणजे अब्रू गेली का?

अरविंदकाका

---

प्रेषक: तन्मय
बुधवार, 8 ऑक्टोबर, सकाळी 8:50

काका, मीटिंगच्या दिवसापासून नाही! हे चुकीचं पसरतं आणि लोक घाबरून सामान बांधायला लागतात.

साठ दिवस मोजायचे ते साधारणपणे ज्या शेवटच्या दिवसाचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे कंपनीने नोटीस देऊन दोन महिने पगारावर ठेवलं तर घड्याळ त्यानंतर सुरू होतं. मात्र नोकरी संपल्यावर मिळणारे सेव्हरन्सचे पैसे यात धरत नाहीत. तिथेच लोक फसतात. आणि आय-94, म्हणजे इथे राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. हा नियम जानेवारी 2017 पासून आहे.

न्यू जर्सीत आणखी एक आहे, पुष्कळांना माहीत नसतं. 10 एप्रिल 2023 पासून मोठ्या कंपनीला मोठी कपात करायची तर 90 दिवस आधी नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावा लागतो. कपातीत किती लोक गेले यावर ते लागू होतं की नाही ठरतं, तेव्हा सही करण्याआधी कागद नीट वाचा.

नव्या कंपनीने साठ दिवसांच्या आत एच-वनचा अर्ज दाखल केला की काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नव्या एच-वन अर्जावर एक लाख डॉलर लावायच्या सप्टेंबरच्या त्या घोषणेचं अजून सगळं स्पष्ट नाही, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका. लग्न असो, बारसं असो.

तन्मय

ता.क. रकान्याबद्दल माझं काही मत नाही.

---

प्रेषक: ज्योती
बुधवार, 8 ऑक्टोबर, दुपारी 12:15

काका, रागावू नका, पण 'हिंमत सोडू नये' हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते एके काळी.

मी 2008 ला एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, आले. काम करायची परवानगी मे 2015 मध्ये निघाली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण पुढे सरकलं होतं त्यांनाच. सात वर्षं. रेझ्युमेत केवढं भगदाड! मुलाखतीला प्रत्येक जण त्या भगदाडात डोकावून बघायचा. 'इन दीज इयर्स?' असं म्हणून पेन वर धरायचे. मी तेव्हा मराठी शाळेत शिकवत होते, तेच सांगायचे. मग समोरचा 'हाउ नाइस' म्हणायचा आणि तिथेच संपायचं.

दर भिशीला सगळ्या जणी विचारायच्या, "झालं का गं काही?" प्रेमानेच. मी भिशी सोडली. विचारणाऱ्या बाराही जणींपैकी एकीने, एकीनेच, घरी बोलावून समोर बसवलं आणि दोन तास प्रश्न विचारले. माझं उत्तर लांबलं की ती टेबलावर चमचा वाजवायची. ती आता टेक्सासला असते. तिला मी अजून दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते.

रकाना काढा.

ज्योती

---

प्रेषक: मिलिंद
बुधवार, 8 ऑक्टोबर, दुपारी 1:02

ज्योतीताई, भावना समजल्या. पण प्रश्न भावनांचा नाही, फॉर्मचा आहे. रकाना काढला तर ज्येष्ठांना सवलत कशी द्यायची ते सांगा. आणि कोजागिरीला 'भारतातून आलेले आई-वडील' यात जेवढे आकडे होते तेवढे आई-वडील प्रत्यक्षात दिसले नाहीत. हे असं होतं, म्हणून नोंद लागते.

---

प्रेषक: सुजाता
बुधवार, 8 ऑक्टोबर, दुपारी 1:10

म्हणून दूध उरलं होय! मी आटवताना माप चुकलं म्हणून दोन दिवस स्वतःला कोसतेय.

पातेलं?

---

प्रेषक: प्रसाद
बुधवार, 8 ऑक्टोबर, रात्री 11:48

ते न दिसलेले आई-वडील माझे.

मिलिंददादा, फॉर्म भरायला बसलो तेव्हा तो चौथा पर्याय समोर ठेवून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. शेवटी 'भारतातून आलेले आई-वडील' निवडलं. दोन तिकिटं दहाची झाली. दारावर विचारलं, आजी-आजोबा कुठे आहेत? मी काही बोलायच्या आत मुलीने उत्तर दिलं, "कराडला." तो मुलगा हसला, मीही हसलो. वैशालीताई सांगते तो प्रकार आमच्या पुढच्या रांगेत झाला, त्यामुळे आमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पन्नास डॉलर उद्या झेलने (बँकेतून ऑनलाइन) पाठवतो.

12 सप्टेंबर हा माझा शेवटचा पगारी दिवस. तन्मय म्हणतो तसं 13 पासून मोजलं तर आज सव्विसावा दिवस. 11 नोव्हेंबरला साठ भरतात. तुमच्या दिवाळीच्या दिवशी पन्नासावा असेल, हा हिशेब तारीख जाहीर झाली त्याच दिवशी डोक्यात झाला, मुद्दाम केला नाही. बायको नोकरी करते, पण तिचंही परमिट माझ्याच एच-वनच्या खुंटीला टांगलेलं. एकाची गेली की दोघांची जाते.

मंडळाकडून मला काय हवं ते मलाच नीट माहीत नाही. पण रोजचं कसं चालतं ते सांगतो, म्हणजे फॉर्म करणाऱ्यांना अंदाज येईल.

सकाळ चांगली असते. साडेसातला कराडहून आईचा व्हिडिओ कॉल येतो, तिकडे संध्याकाळचे पाच. तिला सांगितलेलं नाही. "आज पण घरूनच का रे?" म्हणते, मी हो म्हणतो, ते खरंच असतं. मग नऊ ते बारा अर्ज. रेझ्युमे अपलोड करायचा आणि मग त्यातलंच सगळं परत रकान्या-रकान्यात टाइप करायचं. प्रत्येक कंपनीला नवीन पासवर्ड. 'तुम्हाला आता किंवा पुढे व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का?' या प्रश्नाला हो म्हटलं की कधी कधी दहा मिनिटांत नकार येतो. माणसाने वाचलेलं नसतं हे कळतं, तरी लागतं ते लागतंच.

दुपारी दोन ते चार सगळ्यात वाईट. काही करायचं उरलेलं नसतं आणि दिवस संपलेलाही नसतो. फोन मी त्या वेळात तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवतो. 201 ने सुरू होणारा नंबर दिसला की छातीत धडधडतं, उचलावं तर गाडीच्या वॉरंटीवाला.

गेल्या आठवड्यात एका ठिकाणी पाचवी फेरी झाली. बाई म्हणाली, सोमवारी कळवते. शनिवारी कोजागिरीला मी जो हसत होतो ना, तो त्या सोमवारच्या जोरावर. सोमवारी मेल आला, जागाच गोठवली. मी नापास झालो असतो तर परवडलं असतं, निदान काय चुकलं ते शोधता आलं असतं. त्या रात्री भांडी घासली. सगळी. घासायचं काही उरलं नाही तेव्हा पातेल्याकडे वळलो. सुजाताताई, ते माझ्याकडे आहे. शनिवारी धुवायला म्हणून गाडीत टाकलं होतं. तळाला दूध लागलं होतं ते आता निघालंय.

काका, अब्रूचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. मला लाज नोकरी गेल्याची वाटत नाही. "झालं का काही?" याला रोज नवीन उत्तर शोधायचा कंटाळा येतो.

चौथा पर्याय ठेवलात तरी मी या वेळी तो निवडेन, आता सगळ्यांना कळलंच आहे. पण ज्याने अजून घरी बायकोलाही सांगितलं नसेल, तो फॉर्म अर्धा भरून बंद करेल एवढं लक्षात ठेवा.

एक काम आहे. पुढच्या गुरुवारी, 16 ला, जर्सी सिटीत समोरासमोर मुलाखत आहे, नऊ वाजता. एक गाडी आम्ही विकली, दुसरी सकाळी बायको घेऊन जाते. मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत कुणी सोडेल का? पुढे नेवार्कहून पाथ ट्रेनने एक्स्चेंज प्लेसला मी जाईन.

प्रसाद

---

प्रेषक: तन्मय
गुरुवार, 9 ऑक्टोबर, सकाळी 7:20

प्रसाद, साठ दिवस संपायच्या आत आय-539 अर्ज भरून व्हिजिटर स्टेटस मागता येतं, म्हणजे थांबता येतं, काम मात्र करता येत नाही. 11 तारखेला व्हेटरन्स डेची सुट्टी आहे, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. माझ्या वकिलाचा नंबर वेगळ्या मेलवर पाठवतो.

---

प्रेषक: ज्योती
गुरुवार, 9 ऑक्टोबर, सकाळी 7:55

मंगळवारी संध्याकाळी सातला माझ्याकडे ये. चमचा तयार आहे. जेवूनच जा, पण जेवण प्रश्नांनंतर.

---

प्रेषक: मिलिंद
गुरुवार, 9 ऑक्टोबर, सकाळी 9:05

पन्नास डॉलर पाठवू नकोस, शीट बंद झाली आहे. उघडायला मला वेळ नाही.

वैशाली, असं कर. सगळ्यांनाच दोन भाव दाखव, 35 आणि 10, नावं काही देऊ नकोस. 'नेहमीचं' नको आणि 'सवलत' नको. ज्याला जे हवं ते तो दाबेल. विद्यार्थी, ज्येष्ठ सगळे त्यातच. दारावरच्या यादीत फक्त नाव आणि माणसं. वर्षअखेरीला मी दोन आकडे सांगेन, कारण कुणी विचारलं तर बघू. हे फक्त या वर्षापुरतं.

---

प्रेषक: वैशाली
गुरुवार, 9 ऑक्टोबर, सकाळी 9:11

झालं. 10 च्या बटणाचा रंग वेगळा दिसतोय, तो आज रात्री बदलते. नाहीतर परत पिवळा मार्कर.

---

प्रेषक: अरविंदकाका
गुरुवार, 9 ऑक्टोबर, सकाळी 9:30

प्रसाद, 16 ला सव्वासहाला तुझ्या दाराशी असेन. मेट्रोपार्क कशाला, थेट जर्सी सिटीला सोडतो, मला कुठे ऑफिस आहे. वाटेत काही विचारणार नाही. रेडिओ लावू.

---

प्रेषक: सुजाता
गुरुवार, 9 ऑक्टोबर, सकाळी 9:34

काका, जाताच आहात तर येताना पातेलं घेऊन या. झाकणासकट.