मदत हवी आहे : मार्चमध्ये आईला घेऊन रशिया. शाकाहार, साडी आणि त्वेर

नमस्कार मंडळी,

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन रशियाला जाते आहे. मॉस्कोत पाच रात्री, सेंट पीटर्सबर्गला चार. ई-व्हिसा हातात आहे, तिकिटं आणि हॉटेलं झाली आहेत. अडलंय ते आईच्या खाण्यापाशी आणि कपड्यांपाशी.

आई ६९ वर्षांची. मांस, मासे, अंडं काही खात नाही, दूध-दही चालतं. कृपया भारतीय हॉटेलांची यादी देऊ नका, ती मी काढली आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका टूर कंपनीबरोबर दुसऱ्या एका देशात गेलो होतो. आठही दिवस रात्री तेच पनीर आणि तीच पिवळी डाळ. शेवटच्या दिवशी आई म्हणाली, "अगं, इथली माणसं काय खातात ते मला कळलंच नाही." ते माझ्या मनाला फार लागलं. या वेळी तिला तिथलं जेवण जेवायचंय, लोकांमध्ये बसून.

मी वाचलं त्यावरून बोर्श म्हणजे बिटाचं सूप, ब्लिनी म्हणजे पातळ घावन, वारेनिकी म्हणजे बटाटा किंवा ताजं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या. ऐकायला सगळं शाकाहारी वाटतं. खरंच तसं आहे का? रशियन न येता हे तिथं विचारायचं कसं?

दुसरं कपड्यांचं. आई आयुष्यभर साडीच नेसली आहे आणि तिथेही साडीच नेसणार. पँट घाल असा आग्रह मला करायचा नाही. गुडघे थोडे दुखतात, म्हणून घसरण्याची भीती आहे. त्या लोकरीच्या नमद्याच्या बुटांबद्दल, वालेन्कीबद्दल, वाचलं. ते घ्यावेत का?

तिसरं, या प्रवासाचं खरं कारण. आईचं माहेर रेवदंडा. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. आजोबा शिक्षक होते, त्यांनी निकितिनच्या गोष्टी आईला लहानपणी इतक्या वेळा सांगितल्या की जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा कसा काढून घेतला हे ती अजून कालच घडल्यासारखं सांगते. निकितिन मूळचा त्वेर शहराचा. व्होल्गाकाठी त्याचा पुतळा आहे. आईला तिथं एकदा उभं राहायचंय. मॉस्कोहून एका दिवसात जाऊन येणं तिला झेपेल का?

प्रतिसाद १

ताई, मी मॉस्कोत सहा वर्षं होते, शाकाहारी आहे. आधी वाईट बातमी सांगते. बोर्श जवळजवळ नेहमी गोमांसाच्या पाण्यात शिजवतात. "मांस नको" म्हटलंत तर वाढणारी बाई भाबडेपणानं तुकडे बाजूला काढून तेच सूप देईल. म्हणून "बुल्योन" हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे मांसाचं पाणी. सूप आणि लापशीच्या बाबतीत "ना वद्ये?" (पाण्यात केलंय का?) असं विचारायचं. ब्लिनीच्या पिठात आणि पुष्कळदा वारेनिकीच्या पारीतही अंडं असतं. सिर्निकी या चीजच्या गोड टिक्क्यांतही असतं.

आता चांगली बातमी. तुम्ही जाताय तेव्हा ईस्टरआधीचा मोठा उपास चालू असेल. त्या आठवड्यांत ऑर्थोडॉक्स भाविक मांस, दूध, अंडी सोडतात, आणि बऱ्याच हॉटेलांत वेगळं उपासाचं कार्ड ठेवतात : "पोस्नये मेन्यू". बिनअंड्याची ब्लिनी, पाण्यातलं मश्रूमचं सूप, कोबी किंवा बटाटा भरलेल्या पिरोज्की, सगळं त्यात मिळतं. फक्त कोळंबी आणि माकूळ उपासाला चालतात असं तिथं धरतात, तेवढं विचारून घ्या.

हे वाक्य कागदावर रशियन लिपीत लिहून न्या आणि तोंडानेही म्हणा : "या ने येम नि म्यासा, नि रीबी, नि याईत्स." मांस, मासे, अंडी खात नाही. म्यासा म्हणजे मांस आणि रीबी म्हणजे मासे, आपल्या कानाला उलट वाटतं, म्हणून घोळ होऊ देऊ नका. चिकन वेगळं सांगा ("कूरित्सा"), कारण पुष्कळांच्या लेखी ते मांसात मोडत नाही.

जेवायला स्तलोवाया शोधा, म्हणजे ताट घेऊन पुढे सरकत जायची खानावळ. पदार्थ समोर दिसतात, बोट दाखवलं की झालं. लाल चौकातल्या गूम या मोठ्या दुकानसंकुलात तिसऱ्या मजल्यावर "५७ नंबर" आहे. विनेग्रेत घ्या : बीट, बटाटा, गाजर, खारवलेली काकडी, वर सूर्यफुलाचं तेल. आईंना ग्रेच्का म्हणजे कुट्टूचा भात नक्की आवडेल, फक्त पाण्यात शिजवलेला घ्या. बरोदिन्स्की हा काळा राईचा पाव घ्या, त्यावर चक्क धने असतात. आणि शेपू! जिथंतिथं शेपू भुरभुरलेला. माझ्या सासूबाईंना तिथं घरच्यासारखं वाटलं ते त्या वासामुळं. चहाबरोबर कझिनाकी मागा, ती सूर्यफुलाच्या बियांची चिक्कीच.

पैसे रोख न्या. २०२२ पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा, मास्टरकार्डची कार्डं तिथं चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न मुडपलेल्या नोटा न्या आणि बँकेत बदला.

प्रतिसाद २

वालेन्की घेऊ नका. ते कोरड्या कडक थंडीचे बूट. मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळतो, चिखलपाणी होतं, आणि नमदा पाणी पितो. जलरोधक, खोल खाचांच्या रबरी तळाचे बूट मॉस्कोत पहिल्याच दिवशी घ्या, एक माप मोठे, आत लोकरी मोजे.

साडीला काही अडचण नाही. आत थर्मल, त्यावर लोकरी लेगिंग, जाड परकर, आणि साडी नेहमीपेक्षा चार बोटं वर. बाहेरून पोटरीपर्यंतचा फुगीर कोट. आतून फार जाड स्वेटर नको, कारण इमारतींत हीटिंग इतकं असतं की घाम फुटतो. संग्रहालयात, नाट्यगृहात कोट "गार्देरोब"मध्ये द्यावाच लागतो. कॉलरला आतून टांगायची पट्टी नसेल तर घरून शिवून न्या, तिथल्या बायका त्यावरून रागावतात. चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकायचं असतं, पदर पुरेल. तरी पावलवो-पोसादची गुलाबांच्या छापाची लोकरी शाल आईंना घेऊन द्याच, काठापदराच्या साडीवर ती फार शोभते.

पीटर्सबर्गला भिंतीलगत चालू नका, या दिवसांत छपरांवरून बर्फाचे सुळके पडतात. हर्मिटेज सोमवारी बंद.

प्रतिसाद ३

त्वेर सहज होतं. लेनिनग्राद्स्की स्टेशनवरून लास्तोच्का गाडी घ्या, दोन तासांच्या आत पोचते. स्टेशन ते पुतळा अंतर बरंच आहे, यांडेक्स या ॲपवरून टॅक्सी करा. पुतळा १९५५ चा, निकितिनच्याच नावाच्या घाटावर, पायाशी नावेचं पुढचं टोक. मार्चमध्ये व्होल्गा बहुधा गोठलेली असेल आणि घाटावर निसरडं, तेव्हा आईंचा हात सोडू नका.

आईंना आणखी एक सांगा. वाटेत लुटारूंनी निकितिनची पुस्तकं नेली, त्यामुळे आपल्याकडे असताना ईस्टर कधी हेच त्याला कळेना. त्यानं अंदाजानं उपास धरले आणि त्याचं दुःख लिहून ठेवलं. तुम्ही बरोबर त्याच उपासाच्या दिवसांत त्याच्या गावी जाताय.

मॉस्कोत वेळ उरला तर रुदोमिनो या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा आहे, २०२२ मध्ये बसवलेला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ आईला वाचून दाखवला. उपासाचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्वेरला जाऊ त्या दिवशी मीही उपासाचंच जेवेन. आता एकच विचारते : त्वेरमध्ये पोस्नये मेन्यू मिळेल अशी, घाटाजवळची एखादी खानावळ कुणाला माहीत आहे का?