बिडाचा टर्बो मॅनिफोल्ड हेडला जुळत नाही, किती घासावा? मदत हवी आहे

धुरकांडी: ४ सिलिंडरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन, मूळचं बिनटर्बोचं. दुसऱ्या इंजिनाचा बिडाचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोला नेणारा नळ्यांचा भाग) आणि टी-२५ (एक ठरावीक माप) फ्लॅंजचा टर्बो चढवतोय. स्टड जुळले, पण हेडमधल्या २ आणि ३ नंबरच्या पोर्टवर (धूर निघायच्या भोकांवर) मॅनिफोल्डची कड २ मिमी आत येते. फेसखाली (हेडला टेकणाऱ्या बाजूखाली) फीलर गेजची ०.३० मिमीची पात आरपार जाते. टर्बोच्या एका स्टडवर पान्हाच शिरत नाही. गॅस्केट ठेवून तिच्या मापाने पोर्ट मोठे करू का?

कानस: गॅस्केटचं माप धरू नका, तिचं भोक बहुतेक वेळा पोर्टपेक्षा मोठंच असतं. हेडच्या पोर्टचा कागदावर ठसा घ्या, स्टडची भोकंही त्यात येऊ द्या, आणि तो मॅनिफोल्डवर धरून खूण करा. मॅनिफोल्डचं तोंड चहूबाजूंनी अर्धा ते एक मिमी मोठं ठेवा. लहानातून मोठ्यात जाताना गॅस अडत नाही. समोर कड आली की आपटतो. आत २०-२५ मिमीपर्यंत उतरता घास द्या, नुसतं तोंड खरवडून भागत नाही. कार्बाइड बर (ग्राइंडरला लावायचं दातेरी टोक) वापरा. भिंत ४ मिमीच्या खाली नेऊ नका. आतून आरशासारखं चमकवण्यात वेळ घालवू नका, चार दिवसांत काजळी बसते.

टर्बोच्या तोंडाशीही हाच नियम: टर्बाइनची कड गॅसच्या वाटेत दिसता कामा नये.

बीडकाम: फेस आधी मिलिंगवर मारून घ्या, ०.१० ची पात कुठेच जाता कामा नये. पण वाकण्याचं कारण तसंच राहिलं तर पुन्हा वाकेल. ४०० मिमी लांबीचं बीड ६०० अंशांनी तापलं की पावणेतीन मिमीच्या आसपास वाढतं. हेड पाण्याने थंड, ते तेवढं वाढत नाही. ८ मिमी स्टडला मधली भोकं ८.५ ठेवा, टोकाची आडवी लांबट करून १०.५ करा, वर जाड वॉशर. नट मधून टोकांकडे, दोन फेऱ्यांत, २५ न्यूटन-मीटरला. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा पान्हा लावा.

पान्हा जात नसेल तर रनर (मॅनिफोल्डची नळी) घासू नका. ८ मिमी स्टडला १३ ऐवजी १२ च्या डोक्याचे नट मिळतात, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

धुरकांडी: काजळी काढल्यावर टर्बोच्या फ्लॅंजजवळ ३० मिमीची चीर दिसली. एमएस (साध्या पोलादाच्या) वेल्डिंग रॉडने भरली तर?

बीडकाम: नाही. बिडातला कार्बन वेल्डमध्ये उतरतो, शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि गार होताना वेल्डच्या कडेनेच टण्णकन तडकते. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, व्ही खाच काढा, २५०-३०० अंश तापवून निकेल-लोखंड रॉडने २५-२५ मिमीचे तुकडे भरा. प्रत्येक तुकडा गरम असतानाच हातोडीने हलकं ठोका. मग कोरड्या चुन्यात किंवा राखेत रात्रभर पुरून ठेवा. फेस मारायचा तो यानंतर, आधी मारलात तर पैसे दोनदा जातील.

कानस: आणि बसवण्याआधी रॉकेलने धुऊन, हवा मारून, प्रत्येक रनरमध्ये लोहचुंबक फिरवा. बिडाचा एक कण टर्बाइनचं पातं खायला पुरतो.